ओढणीखालचं बाळ

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. माझी भाची दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. जेवणाच्या आधी बाळ रडू लागलं. तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, भिंतीकडे अर्धी पाठ केली, ओढणी पसरली आणि बाळाला अंगावर घेतलं. हॉलचा तो भाग बायकांचाच होता. तरी दोन मिनिटांत एक खाला उठून आल्या आणि म्हणाल्या, “अंदर ले जाओ ना बेटा, कैसा दिखता है! अभी व्हिडिओवाला आएगा.”

आत म्हणजे कुठे? नवरीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसवलं. तिथे रिकाम्या देगा, गॅसचे सिलिंडर आणि कांद्याची पोती होती. पंखा नव्हता. वीस मिनिटांनी ती घामाने भिजून बाहेर आली. बाळ अजून रडतच होतं, कारण त्या उकाड्यात त्याने नीट दूध ओढलंच नव्हतं. मग कुणीतरी बाटली आणली.

त्या खाला वाईट नाहीत. त्यांना ही आपली तहजीब वाटते. बाईने बाळाला पाजायचं, पण कुणाला कळता कामा नये. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण ‘हीच आपली तहजीब’ असं कुणी म्हटलं की ती कधीपासूनची, हे शोधायची मला सवय आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात एका शब्दापासून करते. अंगावरचं दूध पाजण्याला अरबी-उर्दूत ‘रजाअत’ म्हणतात. जिने दूध पाजलं ती ‘रजाई माँ’, तिची मुलं ‘रजाई भाई-बहन’. मराठीत आपण दूधआई, दूधभाऊ म्हणतो. हे नातं इस्लामी कायद्यात नुसतं मानलेलं नाही, ते रक्ताच्या नात्याच्या शेजारी बसवलेलं आहे. कुणाशी निकाह होऊ शकत नाही याची यादी सूरह अन-निसाच्या २३ व्या आयतीत आहे. त्या यादीत आई, बहीण, मुलगी यांच्याबरोबर दूध पाजणारी आई आणि दूधबहीणही येते. म्हणजे कोणत्या बाईने कोणत्या बाळाला पाजलं, हे समाजाला माहीत असणं गरजेचं होतं. जी गोष्ट माहीत असायला हवी, ती लपवण्यासारखी कशी असेल?

सूरह अल-बकराची २३३ वी आयत तर सगळी याच विषयावर आहे. ज्यांना मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी दूध पाजण्याचा काळ पूर्ण दोन वर्षांचा सांगितला आहे. त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. मुलामुळे आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असं बजावलं आहे. दूध लवकर तोडायचं असेल तर दोघांनी सल्लामसलत करून, राजीखुशीने ठरवायचं. दुसऱ्या बाईकडून पाजवायचं असेल तर तिचा मोबदला नीट द्यायचा. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत तलाक झालेल्या बाईलाही तुमच्या बाळाला पाजण्याचा मोबदला द्या, असं सांगितलं आहे. पाजणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो, खुराक लागतो आणि त्याचा खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलायचा आहे, हे इथे कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे.

आता माणसांकडे येऊ. प्रेषित मुहम्मद (स.) यांना लहानपणी आई आमिना यांच्याशिवाय आणखी दोघींनी दूध पाजलं. आधी सुवैबा. ती अबू लहबची गुलाम होती. नंतर बनू सअद टोळीच्या हलीमा. मक्केतली घरं आपली तान्ही मुलं वाळवंटातल्या टोळ्यांमधल्या बायकांकडे सोपवत. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये हलीमांची हकीकत येते. साल दुष्काळाचं होतं. त्यांची गाढवी मरतुकडी, उंटिणीला थेंबभर दूध नाही, आणि स्वतःचं बाळ भुकेने रात्रभर रडत होतं. टोळीतल्या बाकीच्या बायकांना बाळं मिळाली. हा बाप नसलेला मुलगा मात्र कुणी घेईना, कारण मोबदला देणार कोण? रिकाम्या हाताने परतायचं नाही म्हणून हलीमांनी त्याला घेतलं. तळावर येऊन मांडीवर घेतलं, आणि इतका पान्हा फुटला की हे बाळही प्यालं आणि त्यांचं स्वतःचंही पोटभर पिऊन झोपलं.

मौलूदच्या मजलिसमध्ये ही हकीकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. डोळ्यांत पाणी आणून ऐकली आहे. मशिदीच्या लाउडस्पीकरवरून, पुरुषांच्या तोंडून, हलीमांच्या दुधाचं वर्णन आपण ऐकतो. तेव्हा कुणाला लाज वाटत नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या भाचीच्या वेळीच कशी आठवते?

या दुधाची कहाणी पुढे साठ वर्षांनी आणखी एका वळणावर येते. हिजरी ८, म्हणजे इ.स. ६३० मध्ये हुनैनची लढाई झाली. समोर हवाजिन होते. बनू सअद ही त्यांचीच एक शाखा. लढाईनंतर कैद झालेल्यांत हलीमांची मुलगी शैमा होती. मी तुमची दूधबहीण, अशी ओळख तिने सांगितली तेव्हा प्रेषितांनी आपली चादर अंथरून तिला वर बसवलं. नंतर हवाजिनचं शिष्टमंडळ आलं. या कैद्यांत तुमच्या दुधाच्या नात्याच्या मावश्या-आत्या आहेत, तुम्हाला सांभाळणाऱ्या बायका आहेत, असं त्यांनी सांगितलं. प्रेषितांनी आपल्या वाट्याचे कैदी सोडले आणि इतरांनाही तसं करायला सांगितलं. सीरतकार हा आकडा सहा हजार बायका-मुलांचा देतात. एका बाईने एका अनाथ बाळाला पाजलं होतं, त्याचं हे मोल झालं.

पण माझ्या प्रश्नाशी थेट भिडणारा प्रसंग वेगळा आहे. तो बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत, हजरत उमर (र.) यांच्या तोंडून आलेला आहे. युद्धकैदी आणले गेले होते. त्यांत एक बाई वेड्यासारखी शोधत फिरत होती. कैद्यांमध्ये एक बाळ दिसताच तिने ते उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि पाजू लागली. प्रेषित आणि त्यांचे साथीदार समोर उभे होते. प्रेषितांनी कुणाला ‘हिला आत न्या’ असं सांगितलं नाही. त्यांनी साथीदारांना तिच्याकडे दाखवून विचारलं की ही बाई आपलं मूल आगीत टाकेल असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, तिचं चालेल तोवर कधीच नाही. तेव्हा प्रेषितांनी सांगितलं की ही आपल्या मुलावर जितकी मायाळू आहे, त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर अधिक मायाळू आहे.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा वाचला होता. अल्लाहच्या रहमतीची हदीस म्हणून वाचला होता. लग्नाहून परत आल्यावर पुन्हा वाचला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की अल्लाहची दया समजावून सांगायला प्रेषितांनी जे उदाहरण निवडलं, ते चारचौघांत बाळाला पाजणाऱ्या बाईचं होतं. कुणी म्हणेल, ती बिचारी शोकात होती, तिचं उदाहरण रोजच्या वागण्याला कसं लावता? बरोबर आहे, तो कायद्याचा निवाडा नव्हे. पण त्या बाईकडे कोणत्या नजरेने पाहायचं, हे तर आपण त्यातून शिकू शकतो.

मदीनेच्या मशिदीत बायका तान्ही मुलं घेऊन नमाजला येत. प्रेषितांनी सांगितल्याचं हदीसमध्ये आहे की मी लांब नमाज पढायचं ठरवून उभा राहतो, पण बाळाचं रडणं कानावर पडलं की आटोपती घेतो, कारण आईच्या जिवाची घालमेल होऊ नये. बाळ रडलं तर आईला बाहेर पाठवलं नाही, नमाज छोटी केली.

हजरत उमर खलीफा असतानाची गोष्ट इब्न सअदने नोंदवली आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा काफिला उतरला होता. रात्री उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ पहाऱ्याला गेले. एक बाळ सारखं रडत होतं. उमर दोनदा आईला सांगून आले की लेकराची काळजी घे. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती वैतागून म्हणाली, मी याचं दूध तोडते आहे आणि हा ऐकत नाही. इतक्या लवकर का? तर उमर दूध सुटलेल्या मुलालाच वजीफा देतो म्हणून. समोर उभा आहे तोच उमर, हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी फजरच्या नमाजमध्ये उमर इतके रडले की लोकांना किराअत समजेना. मग त्यांनी दवंडी पिटवली की मुलांचं दूध तोडायची घाई करू नका, जन्मलेल्या प्रत्येक बाळाला वजीफा मिळेल. सरकारच्या एका नियमामुळे आया बाळाचं दूध तोडतात, हे कळल्यावर त्यांनी आयांना उपदेश केला नाही, नियम बदलला. पुढे याच गोष्टीकडे परत यायचं आहे.

‘मग परद्याचं काय?’ हा प्रश्न येणारच. सूरह अन-नूरच्या ३१ व्या आयतीत बायकांना आपली ओढणी छातीवरून घ्यायला सांगितलं आहे. पण त्याच्या आधीची ३० वी आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. क्रम लक्षात घ्या. माझ्या भाचीने आपल्या वाट्याचं केलं होतं. ओढणी होती, पाठ वळवलेली होती. आपल्या दादी-नानी याच ओढणीखाली, पदराखाली, बुरख्याआड बाळांना पाजत आल्या. अंगणात, शेताच्या बांधावर, एसटीत, उरुसाच्या गर्दीत. माझी नानी बोलता बोलता बाळाला पदराखाली घ्यायची आणि तिचं वाक्यसुद्धा तुटायचं नाही. ओढणी बाळाला पाजता यावं म्हणून होती, बाईला खोलीत कोंडावं म्हणून नव्हे.

हिंदुस्थानच्या इतिहासातही हे दूध ठळक दिसतं. अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधल्या उमरकोटला झाला. हुमायून तेव्हा राज्य गमावून फिरत होता. १५४३ मध्ये तो इराणकडे निघाला तेव्हा वर्षाच्या अकबराला मागे सोडावं लागलं, आणि बाळ दायांसह काका अस्करीच्या हाती लागलं. अकबराला पाजणाऱ्यांत प्रमुख होती जीजी अनगा. तिचा नवरा शम्सुद्दीन याने कनौजच्या लढाईत हुमायूनला बुडताना वाचवलं होतं, म्हणून हा मान त्या घराला मिळाला. तुर्कीत दूध पाजणारी ती ‘अनगा’, तिचा नवरा ‘अतगा’ आणि मुलगा ‘कोका’ किंवा ‘कोकलताश’. शम्सुद्दीन पुढे अतगा खान म्हणूनच ओळखला गेला. १५६२ मध्ये माहम अनगाचा मुलगा अधम खान याने त्याचा खून केला, तेव्हा अकबराने अधम खानाला किल्ल्याच्या गच्चीवरून खाली फेकायला लावलं. जीजी अनगाचा मुलगा अजीज कोका अनेकदा बंडखोरासारखा वागला, पण अकबर त्याला कडक शिक्षा करीत नसे. आमच्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती मला ओलांडता येत नाही, असं तो म्हणत असल्याचं सांगतात.

हा ‘कोकलताश’ महाराष्ट्रालाही परका नाही. श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावला बहादूरगड आहे. तो ज्याच्या नावाने ओळखला गेला तो दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश. शिवाजी महाराजांच्या इतिहासात त्याचं नाव वारंवार येतं. तो औरंगजेबाचा दूधभाऊ होता. नाव आपण पाठ करतो, पण त्या नावाच्या मागे बाळ पाजणारी एक बाई आहे, हे पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही. आणि इकडे मराठ्यांच्या बाजूला? संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजल्याची परंपरा आहे. रायगडावर हिरकणी बुरूज आहे. दूध विकायला गडावर गेलेली गवळण दरवाजे बंद झाले म्हणून, घरी तान्हं बाळ भुकेलं असेल या विचाराने कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. दोन्ही छावण्यांत दुधाचं मोल सारखंच जाणलं होतं.

मग हे पाजणं ओझं आणि लाज कधी झालं? लाजेला एकच कारण नाही. पण ओझ्याचं एक मोठं कारण मला दिसतं. काम घरापासून आणि शेतापासून तुटलं, आणि कामाच्या जागा बाळाचा विचार न करता बांधल्या गेल्या. शेतात झाडाला झोळी बांधता येत होती. मुंबईच्या गिरण्यांत ते शक्य नव्हतं. गिरणीत जाणाऱ्या बायका बाळ दिवसभर गुंगीत राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. ‘बाळगोळी’ असं गोंडस नाव होतं तिचं. मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. मला यात हजरत उमरांच्या दवंडीची आठवण येते. आईला दोष देण्याऐवजी नियम बदलण्याचीच ही रीत आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. आजवर लिहिली नव्हती. मी बी.एड. करत होते तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती. अम्मी तिला घेऊन दुपारी कॉलेजच्या फाटकाशी यायची. बसायला जागा नव्हती. स्टाफरूममध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की इथे हे चालणार नाही. मी बाथरूममध्ये उभ्याने पाजायचे. लोक दार वाजवायचे. मग मी अम्मीला यायलाच नको म्हटलं. दुपारी छाती दगडासारखी व्हायची, पाठाचं टाचण लिहिताना ब्लाउज भिजायचा, आणि मी पुस्तक छातीशी धरून बसायचे. दीड महिन्यात दूध आटलं. मुलगी डब्याच्या दुधावर वाढली. ती आज धडधाकट आहे, अल्हम्दुलिल्लाह. काही आयांना डबा लागतोच, त्यात कमीपणा नाही. पण माझं दूध आजाराने आटलं नव्हतं, एका खुर्चीअभावी आटलं होतं. त्या वर्षी मला वाटायचं की लाज माझी आहे.

आज कायदा बराच पुढे आला आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली, आणि पन्नास किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी पाजण्यासाठी जागा राखण्याबाबत राज्यांना निर्देश दिले, आणि सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये, असंही म्हटलं. स्कॉटलंडमध्ये २००५ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजताना अडवणं हा गुन्हा ठरवला. तो ‘दोन वर्षांचा’ आकडा वाचून मला साहजिकच अल-बकराची आयत आठवली.

आपल्या एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आहेत. नाव किती सुंदर दिलं आहे! पण प्रवासात मी त्याला लागलेलं कुलूपही पाहिलं आहे, आणि आत रचलेल्या तुटक्या खुर्च्याही. खोली हवीच. ज्या आईला आडोसा हवा तिला तो मिळालाच पाहिजे. पण खोली आहे म्हणून बाहेर पाजायचं नाही, असा तिचा अर्थ होऊ नये. कुठे बसायचं ते आईने ठरवावं.

आणि सरकारची वाट न पाहता आपण काय करू शकतो? आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये बायकांच्या बाजूला पंख्याखाली दोन खुर्च्या आणि एक पडदा ठेवायला किती खर्च येतो? व्हिडिओवाल्याला ‘त्या कोपऱ्याकडे कॅमेरा नको’ असं सांगायला किती वेळ लागतो? मशिदीत बायकांसाठी जागा असेल तिथे बाळं घेऊन येणाऱ्यांचा विचार करता येतो. शाळेत माझ्यासारख्या बाईने नव्या शिक्षिकेला रिकाम्या वर्गाची किल्ली देता येते. आमच्या शाळेत मी ती दिली आहे. आणि एखादी बाई बाळाला पाजत असेल तर पुरुषांनी नजर खाली ठेवून पुढे जावं. बायकांनी तिला पाण्याचा ग्लास नेऊन द्यावा. पाजताना तहान फार लागते, हे आपल्याला माहीतच आहे.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे अकीका आहे. त्या खाला येणार आहेत आणि भाचीही येणार आहे. पंख्याखालची खुर्ची मी आधीच राखून ठेवणार आहे, आणि खालांना तिच्या शेजारी बसवून त्या कैदी बाईची हदीस सांगणार आहे. त्या मन लावून ऐकतील असं मला वाटतं. लेकरं त्यांनीही पाजली आहेत.